राजीनाम्यावर सही घेतली, आता पुढे काय?

प्रश्न विचारणाऱ्यांची हकीकत थोडक्यात अशी. चाकण परिसरात गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, साधारण १८० माणसं. क्वालिटी विभागात चार वर्षं दहा महिने कायम नोकरी. पत्रावर पद ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला एचआरने केबिनमध्ये बोलावलं आणि टाइप केलेला राजीनामा पुढे सरकवला. ‘सही करा, नाहीतर टर्मिनेट करू, मग बाहेर कुठे उभं करणार नाहीत’ असं सांगितलं. यांनी सही केली. राजीनाम्यात शेवटचा दिवस महिनाअखेरचा आहे. आता कंपनी म्हणते, पाच वर्षं पूर्ण नाहीत म्हणून ग्रॅच्युइटी नाही, फुल अँड फायनल (राहिलेल्या पैशांचा शेवटचा हिशेब) ४५ दिवसांनी मिळेल आणि भरतीच्या वेळी ठेवून घेतलेली डिप्लोमाची मूळ प्रमाणपत्रं ‘क्लिअरन्स झाल्यावर’ मिळतील. त्यांनी विचारलंय, ‘मी स्वतःच सही केली, आता काही करता येईल का?’

करता येईल. पण हे उत्तर वाचून झाल्यावर आजच्या आज एक पत्र लिहायला बसा. बाकी सगळं नंतर. पत्रात काय लिहायचं ते खाली देते. त्याआधी कंपनीला तुमचा राजीनामाच का हवा होता, हे समजून घ्या. ते समजलं की पुढची प्रत्येक गोष्ट आपोआप उलगडते.

मी बावीस वर्षं कामगार न्यायालयात उभी राहते. माझ्याकडे आलेल्या दर दहा माणसांतली तीन-चार अशीच येतात: सही झालेली असते आणि ‘माझंच चुकलं’ असं डोक्यात बसलेलं असतं. तुमचं काही चुकलेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळ निवडली जाते, कारण पुढे दोन दिवस कोणाला भेटता येत नाही. घरचा हप्ता, मुलांची फी डोळ्यापुढे येते आणि हात कागदाकडे जातो.

आता हिशेब पाहा. कंपनीला माणसं कमी करायची असतील तर कायद्यात त्याला कामगार कपात म्हणतात. कपात करायची तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो आणि शेवटचं वर्ष सहा महिन्यांच्या पुढे गेलं असेल तर तेही पूर्ण धरतात. तुमची चार वर्षं दहा महिने म्हणजे पाच वर्षं, म्हणजे ७५ दिवसांचा पगार. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत आणखी एक भर पडली आहे: कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने १५ दिवसांच्या शेवटच्या पगाराइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. त्याशिवाय त्या प्रकारच्या कामात जो शेवटी लागला तो आधी जातो, हा क्रम पाळावा लागतो आणि तो मोडायचा तर कारण लिहून ठेवावं लागतं. ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला सरकारची आगाऊ परवानगीही लागते. पूर्वी ही मर्यादा १०० होती. तुमच्याकडे १८० माणसं आहेत, त्यामुळे जुन्या कायद्यात परवानगी लागली असती, आता लागत नाही. नोटीस आणि भरपाई मात्र सुटलेली नाही.

कपात नको, गैरवर्तनासाठी काढायचं असेल तर रस्ता याहून लांब आहे. आरोपपत्र, उत्तर द्यायला वेळ, चौकशी, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची संधी, चौकशीचा अहवाल हातात देणं, मग शिक्षेबाबत म्हणणं मागणं. दोन-चार महिने सहज जातात आणि त्यात कंपनीला काहीतरी सिद्ध करावं लागतं.

राजीनामा आला की हे सगळं एका सहीत पुसलं जातं. नोटीस नाही, भरपाई नाही, चौकशी नाही, क्रम नाही. ‘तुमच्या रेकॉर्डसाठी चांगलं’ असं जे सांगितलं जातं, त्यामागे हा आकडा असतो. म्हणूनच मी म्हणते, सही करण्याआधी माणसाने एकच प्रश्न मनाशी विचारावा: या कागदाने समोरच्याचे किती पैसे वाचतायत?

तुमच्या बाबतीत सही झाली आहे, पण दोन गोष्टी अजून तुमच्या बाजूने आहेत. पहिली, शेवटचा दिवस अजून आलेला नाही. पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो. सर्वोच्च न्यायालयाने हे १९७८ साली सांगितलं, तेही चक्क एका न्यायमूर्तींच्या प्रकरणात. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सतीशचंद्र यांनी ७ मे १९७७ रोजी राजीनामा लिहिला. तो १ ऑगस्टपासून लागू होणार होता. १५ जुलैला त्यांनी तो मागे घेतला. न्यायालय म्हणालं, घेता येतो, कारण तारीख उजाडलेलीच नव्हती. पुढे हेच तत्त्व नोकरदारांनाही लावलं गेलं. नेमणूकपत्रात किंवा सेवानियमांत याविरुद्ध स्पष्ट कलम असेल तर वाद होतो, कंपनीने स्वीकृतीचं पत्र दिलं असेल तरी वाद होतो. म्हणून आज, उद्या नव्हे.

दुसरी गोष्ट, राजीनामा स्वेच्छेचा असावा लागतो. दबावाखाली घेतलेली सही म्हणजे राजीनाम्याच्या पांघरुणाखालची बडतर्फी, आणि न्यायालय ते पांघरूण काढून पाहू शकतं. पण ते तुम्हाला सिद्ध करावं लागतं, आणि इथे बहुतेक प्रकरणं पडतात.

साक्षीच्या पिंजऱ्यात काय होतं ते सांगते, म्हणजे पत्राचं महत्त्व लक्षात येईल. कंपनीचा वकील विचारतो: ‘तुम्ही डिप्लोमाधारक आहात ना? वाचता येतं? ही सही तुमचीच? कोणी हात धरला होता? त्या रात्री घरी गेलात? दुसऱ्या दिवशी कंपनीला पत्र लिहिलं? नाही? महिन्याभरात लिहिलं? नाही? फुल अँड फायनलचे पैसे खात्यात आले, परत पाठवलेत?’ सात-आठ प्रश्नांत प्रकरण संपतं. माणूस खरं बोलत असतो, पण त्याच्या मागे एकही कागद नसतो. ‘दुसऱ्या दिवशी पत्र लिहिलं?’ याला ‘हो, हे पाहा’ असं उत्तर आलं की वकिलाची पुढची प्रश्नपत्रिका बदलते.

एका प्रकरणात माझ्याकडे पॅकिंगच्या अकरा बायका आल्या होत्या. सगळ्यांचे राजीनामे एकाच दिवशीचे, मराठीत टाइप केलेले, कारण ‘कौटूंबिक अडचणीमुळे’. अकराही कागदांवर ‘कौटुंबिक’ हा शब्द दीर्घ टू काढून, एकसारखा चुकलेला. अकरा घरांत एकाच दिवशी अडचण यावी आणि अकरा जणींनी शब्दही सारखाच चुकवावा, हे समेट अधिकाऱ्यांना (दोन्ही बाजूंना बोलावून तोडगा काढणारे सरकारी अधिकारी) मी बोलण्याआधीच दिसलं. त्यांनी ते कागद टेबलावर ओळीने मांडले आणि कंपनीच्या माणसाकडे नुसतं पाहिलं. प्रकरण तिथेच मिटलं, भरपाईसकट. तेव्हा तुमच्याबरोबर त्या आठवड्यात आणखी कोणाकोणाकडून सह्या घेतल्या, हे शोधा. त्यांचे कागद मिळाले तर शेजारी ठेवून पाहा.

आता पत्र. भाषा साधी ठेवा, शिव्याशाप नको, इंग्रजी येत असेल तर इंग्रजीत, नाहीतर मराठीत. मजकूर असा:

‘दि. … रोजी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास मला एचआरच्या केबिनमध्ये बोलावून आधीच टाइप करून ठेवलेल्या राजीनाम्यावर सही करण्यास सांगण्यात आले. त्या वेळी … व … हजर होते. सही न केल्यास बडतर्फ करू व दुसरीकडे नोकरी मिळू देणार नाही, असे मला सांगण्यात आले. विचार करण्यास किंवा कोणाशी बोलण्यास वेळ दिला नाही. ती सही मी स्वेच्छेने केलेली नाही. सदर राजीनामा मी या पत्राद्वारे मागे घेत आहे. मी कामावर येण्यास तयार आहे व नेहमीच्या पाळीत हजर राहीन. मला काम नाकारल्यास ती बेकायदेशीर सेवासमाप्ती समजण्यात यावी.’

एवढंच. कारणमीमांसा, जुनी गाऱ्हाणी, मॅनेजरचा स्वभाव यातलं काही घालू नका. कंपनीच्या मेलवरून पाठवा आणि प्रत स्वतःच्या खासगी मेलवर ठेवा, कारण कंपनीचा मेल कधीही बंद होतो. तेच पत्र छापून, सही करून, नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा आणि पावती जपा. पगारपत्रकं, नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, हजेरीचा तपशील आजच उतरवून घ्या. ग्राहकाची ड्रॉइंग किंवा कंपनीचा डेटा मात्र घेऊ नका. त्याने तुमच्याविरुद्ध खरंखुरं आरोपपत्र तयार होतं.

मग पुढच्या पाळीला कामावर जा. हे फार महत्त्वाचं आहे आणि लाजेपोटी माणसं नेमकं हेच टाळतात. पंच करा. गेटवर सिक्युरिटीने अडवलं तर भांडू नका. रजिस्टरमध्ये ‘प्रवेश नाकारला’ अशी नोंद करायला सांगा. ते नाही करणार. मग तिथेच उभं राहून फोनवरून एचआरला मेल करा: ‘आज सकाळी ६.५० ला पहिल्या पाळीसाठी हजर झालो, गेटवर आत सोडले नाही.’ लागोपाठ दोन-तीन दिवस असं करा. यामागचं कारण असं की राजीनाम्याचा मुद्दा डळमळीत झाला की कंपनी बऱ्याचदा दुसरी कथा पुढे आणते: ‘ते स्वतःच यायचे बंद झाले.’ स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या नोकरीच्या नियमांत, किंवा नेमणूकपत्रात कलम असतं की इतके दिवस न कळवता गैरहजर राहिल्यास नोकरी सोडली असं समजू. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगून ठेवलं आहे की असं कलम असलं तरी माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय, चौकशीशिवाय नाव कमी करता येत नाही. निकाल आहे, पण गेटवरून पाठवलेला तो दोन ओळींचा मेल जवळ असला तर निकाल शोधायची वेळच येत नाही.

आता तुम्ही ‘कामगार’ आहात का? ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हटलं की माणूस समजतो, आपल्याला कामगार कायदा नाही. कंपन्याही अलीकडे सगळ्यांनाच एक्झिक्युटिव्ह, असोसिएट, असिस्टंट मॅनेजर करतात. न्यायालय पाटी पाहत नाही, हात काय करतात ते पाहतं. तुम्ही सांगितलंत की सकाळी फर्स्ट पीस तपासता, व्हर्नियर आणि गो-नो-गो गेज लावता, माल जाण्याआधी पीडीआय रिपोर्ट भरता, चुकलेला लॉट लाल ट्रेमध्ये टाकता. कोणाची रजा मंजूर करता? नाही. कोणाला मेमो देता? नाही. कोणाच्या पगारवाढीची शिफारस? नाही. मग तुमचं मुख्य काम तांत्रिक आहे आणि तांत्रिक काम करणारा माणूस कामगार ठरतो, त्याला पगाराची मर्यादा नाही. संहितेतली महिना १८,००० रुपयांची मर्यादा देखरेखीचं काम करणाऱ्यांना लागते. खरोखरच व्यवस्थापकीय काम करणारे मात्र या व्याख्येतून बाहेर आहेत. त्यांना दिवाणी न्यायालय आणि करार हाच मार्ग उरतो. तरी पगार, ग्रॅच्युइटी, पीएफ हे हक्क त्यांनाही आहेतच. तुमच्या रोजच्या कामाचे कागद, भरलेले रिपोर्ट, सही असलेले चेकशीट यांची यादी करून ठेवा. कॉपी घेऊ नका, यादी करा. न्यायालय कंपनीला ते हजर करायला सांगू शकतं.

ग्रॅच्युइटीचं पाहू, कारण इथे तुमचे चांगले पैसे आहेत.

पाच वर्षं सलग नोकरी ही अट खरी आहे. पण ‘एक वर्ष’ म्हणजे काय, हे कायद्यातच सांगितलं आहे: बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं की ते सलग नोकरीचं वर्ष समजायचं. आठवड्यात सहापेक्षा कमी दिवस काम चालणाऱ्या ठिकाणी १९० दिवस. मद्रास उच्च न्यायालयाने याच आधारावर पाचव्या वर्षात २४० दिवस भरलेल्या माणसाला ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला आहे. तुमचे पाचव्या वर्षातले दहा महिने झाले आहेत, सहा दिवसांचा आठवडा आहे. पगारी रजा धरून २४० भरतायत का, ते हजेरीवरून मोजा. कंपन्या हा अर्थ सहजासहजी मान्य करत नाहीत, म्हणून मोजणी कागदावर हवी. राजीनामा मागे घेण्याचं हेही एक कारण आहे: दोन महिने आणखी नोकरी झाली तर हा वादच उरत नाही.

रक्कम काढायची रीत: शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष. प्रश्न येतो ‘पगार’ म्हणजे कोणता. तुमच्या स्लिपवर एकूण ४१,६०० आहे आणि मूळ पगार अधिक महागाई भत्ता फक्त १३,०००. बाकी घरभाडं, प्रवास, विशेष भत्ता. जुन्या रीतीने १३,००० ला २६ ने भागलं की ५००, पंधरा दिवसांचे ७,५००, पाच वर्षांचे ३७,५००. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि त्यांत वेतनाची व्याख्या बदलली. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर जास्तीचा भाग वेतनातच धरायचा. म्हणजे तुमचं वेतन निदान २०,८०० धरावं लागेल. भागिले २६ म्हणजे ८००, पंधरा दिवसांचे १२,०००, पाच वर्षांचे ६०,०००. कंपनीचा जुना एक्सेल तक्ता अजून १३,००० वरच हिशेब करत असेल, म्हणून स्वतः मांडून पाहा.

याच संदर्भात एक गैरसमज फार पसरला आहे, की आता सगळ्यांनाच एका वर्षात ग्रॅच्युइटी मिळते. तसं नाही. ती सवलत ठरावीक मुदतीच्या करारावर नेमलेल्यांना आहे. तुम्ही कायम आहात, तुम्हाला पाच वर्षांचीच अट. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नाही, हे मात्र जुन्या कायद्यापासून आहे आणि घरच्यांना ते माहीत नसतं.

ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची, उशीर झाला तर व्याजासह. ‘नोटीस पीरियड पूर्ण केला नाही’ किंवा ‘क्लिअरन्स नाही’ म्हणून ती अडवता येत नाही. जप्त करण्याची कारणं कायद्यात मोजकी आहेत: मालकाचं नुकसान केलं म्हणून बडतर्फ झालात तर नुकसानीपुरती, हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी बडतर्फ झालात तर काही किंवा सगळी. राजीनामा दिलेल्या माणसाला यातलं काहीच लागू होत नाही. कंपनी एकाच श्वासात ‘तुम्ही राजीनामा दिला’ आणि ‘तुमच्या चुकीमुळे ग्रॅच्युइटी रोखली’ असं म्हणत असेल तर दोन्ही वाक्यं लेखी मागा.

फुल अँड फायनल ४५ दिवसांनी, ही निव्वळ जुनी सवय आहे. वेतन संहितेत स्पष्ट आहे: काढलं, कपात केली किंवा माणसाने राजीनामा दिला, तरी राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा. हे कामगार-मॅनेजर असा भेद न करता सगळ्या कर्मचाऱ्यांना लागू आहे. दिला नाही तर दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. दावा मंजूर करणारा अधिकारी मूळ रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देऊ शकतो. दहा पट सहसा मिळत नाही, पण पत्रात हे कलम लिहिलं की हिशेब खात्याची फाइल हलते, असा माझा अनुभव आहे.

पैसे देताना एक व्हाउचर पुढे येईल: ‘माझे सर्व येणे मिळाले, माझी कोणतीही तक्रार नाही.’ पैसे जरूर घ्या, ते तुमचेच आहेत. सही करताना खाली स्वतःच्या हाताने लिहा: ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारले’, तारीख घाला आणि फोटो काढा. लिहू दिलं नाही तर बाहेर येऊन तासाभरात मेल करा.

पीएफचं पासबुक उघडून बघा, दर महिन्याची नोंद आहे का. मागच्या महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. पगारातून कापलेला तुमचा हिस्सा भरलाच नाही, तर तो नुसता उशीर नाही, फौजदारी विश्वासघात ठरतो. तुमच्याकडे नोंदी नीट आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून पुढे जाते.

मूळ प्रमाणपत्रं. ती ठेवून घेण्याचा कोणताही अधिकार कंपनीला नाही, बॉण्ड (ठरावीक काळाआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचा करार) असो वा नसो. बॉण्ड आणि प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॉण्ड कायदेशीर असू शकतो: सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख रुपये देण्याची अट ग्राह्य धरली, कारण नव्याने भरती करण्याचा खर्च बँकेला खरोखर सोसावा लागतो. पण तिथे कर्मचारी आपणहून गेला होता. तुम्हाला कंपनीने बाहेर ढकललं असेल तर नोटीस पगार किंवा बॉण्डची रक्कम तुमच्याकडून कशी मागणार? आणि ‘दोन वर्षं प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही’ असं कलम असेल तर त्याला घाबरू नका. नोकरी संपल्यानंतरही धंदा-नोकरी अडवणारा करार आपल्या करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही. कंपनीची गुपितं फोडायची नाहीत, ते बंधन मात्र राहतं. प्रमाणपत्रांसाठी वेगळं पत्र लिहा, कोणती कागदपत्रं, कोणत्या तारखेला, कोणाकडे दिली याची यादी करून सात दिवसांत परत मागा. राजीनाम्याच्या पत्रात हा विषय मिसळू नका.

आता जायचं कुठे. वीस किंवा जास्त कामगार असतील तर कारखान्यात तक्रार निवारण समिती असायला हवी. असेल तर तिथे अर्ज द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. खरा पहिला दरवाजा म्हणजे कामगार आयुक्त कार्यालयातला समेट अधिकारी. तिथे साध्या अर्जावर कंपनीला बोलावलं जातं, वकील लागत नाही, आणि निम्मी प्रकरणं तिथेच सुटतात असं मी डोळ्यांनी पाहत आले आहे. अर्ज देऊन ४५ दिवस झाले आणि मार्ग निघाला नाही, तर बडतर्फीच्या बाबतीत कामगाराला थेट न्यायाधिकरणाकडे जाता येतं. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, जुन्या कायद्यात ती तीन होती.

महाराष्ट्रात आणखी एक रस्ता आहे, आणि तो इतर राज्यांतल्या कामगारांना नाही: १९७१ चा अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा. कोर्टात आम्ही याला यूएलपी (अनफेअर लेबर प्रॅक्टिस) कम्प्लेंट म्हणतो. सूडबुद्धीने, खोट्या कारणाने किंवा घाईघाईने, नैसर्गिक न्याय डावलून काढून टाकणं ही त्यात अनुचित प्रथा आहे. त्याची मोठी ताकद म्हणजे अंतरिम आदेश: निकाल लागेपर्यंत कामावरून कमी करू नका, असं न्यायालय सांगू शकतं. तुमच्या महिनाअखेरच्या तारखेआधी हा अर्ज गेला तर त्याला अर्थ आहे, नंतर गेला तर तो अर्थ बराच कमी होतो. तक्रारीची मुदत ९० दिवस आहे. पण दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही, म्हणून कोणता रस्ता धरायचा हे कामगार कायद्यात रोज काम करणाऱ्या वकिलाशी या आठवड्यातच ठरवा. युनियन असेल तर तिच्या माणसाला बरोबर घ्या.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खटला वर्षानुवर्षं चालतो. तुम्ही चौतीस वर्षांचे आहात, डिप्लोमा आहे, नोकरी मिळेल. मिळाली तर घ्या. दुसरी नोकरी धरली म्हणून हक्क संपत नाही, फक्त मागच्या पगाराची रक्कम कमी होते. औरंगाबादच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की काढणं बेकायदेशीर ठरलं तर मागील पगारासह पुनर्स्थापना हा सर्वसाधारण नियम. कर्मचाऱ्याने ‘मला या काळात काम नव्हतं’ एवढं शपथेवर सांगावं, तो कमावत होता हे दाखवणं मालकाचं काम. म्हणून नवी नोकरी लागली तर ती लपवू नका, तारीख आणि पगार वकिलाला सांगा. समेटात बसाल तेव्हा स्वतःचा आकडा तयार ठेवा: एक महिन्याची नोटीस, ७५ दिवसांची भरपाई, १५ दिवसांचा निधी, ६०,००० ग्रॅच्युइटी, उरलेल्या रजेचे पैसे, प्रमाणपत्रं हातात आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर. याखाली उतरायचं असेल तर कशाच्या बदल्यात, हे तुम्ही ठरवा.

हे उत्तर छोटे कारखानदारही वाचतील, त्यांच्यासाठी थोडं. ऑर्डर घटली, माणसं कमी करणं भाग आहे, हे मला कळतं. मी मालकांचीही प्रकरणं चालवते. पण कपातीचा खर्च आधी मोजता येतो, तो ठरलेला असतो. जबरदस्तीच्या राजीनाम्याचा खर्च पाच वर्षांनी, मागच्या पगारासकट, एकरकमी येतो आणि तेव्हा तो केबिनमधला एचआर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. ज्येष्ठता यादी लावा, नोटीस द्या, भरपाईचा चेक नोटिशीबरोबरच द्या. भरपाई नंतर देऊ म्हटलं की कपातच बेकायदेशीर ठरते. काम समाधानकारक नसेल तर ते घडलं त्या वेळी लिहून द्या, काढायच्या आदल्या दिवशी जुन्या तारखा टाकून नव्हे. चौकशी करणारा माणूस तक्रार करणारा असू नये. आणि नेमणूकपत्र प्रत्येकाला द्या, ते आता बंधनकारक आहे.

तुम्ही वकिलाकडे जाताना एक कोरी वही न्या. पहिल्या पानावर त्या शुक्रवारची हकीकत मिनिटामिनिटाने लिहा: कोणी बोलावलं, केबिनमध्ये कोण बसलं होतं, दार बंद होतं का, फोन बाहेर ठेवायला सांगितला का, नेमके शब्द काय होते, सही कोणत्या पेनाने केली, बाहेर आल्यावर पहिला फोन कोणाला केला. तो फोन केल्याची वेळ तुमच्या मोबाइलमध्ये अजून आहे. तिचा स्क्रीनशॉट आज रात्रीच काढून ठेवा.